दोन तासांचे झाड

गेल्या जानेवारीत एका बोन्साय प्रदर्शनात मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, खुर्चीतून उठून वाजवल्या. आणि घरी परतताना रिक्षात बसल्या बसल्या मला त्या टाळ्यांची लाज वाटू लागली. त्या लाजेचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख.

आपल्याकडे नाटकांची परीक्षणे लिहिणारे पुष्कळ आहेत. मैफलींवर लिहिणारे त्याहून अधिक. परंतु एखादे झुडूप लोकांसमोर कापणे, वाकवणे, तारेत गुंडाळणे आणि दोन तासांत त्याला शंभर वर्षांचे करून दाखवणे हाही आता रंगमंचावरचा एक प्रकार झाला आहे. त्याला प्रवेशशुल्क आहे, ध्वनिक्षेपक आहे, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आहे, मध्यंतरात चहा आहे. नाही ते फक्त परीक्षण. कार्यक्रम संपला की जो तो कलावंताचे अभिनंदन करतो आणि भेळेच्या गाडीकडे वळतो. झाडाची विचारपूस कोणी करीत नाही.

प्रदर्शनाचे नाव सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही, कारण अशी प्रदर्शने सगळीकडे साधारण सारखीच असतात. चार-पाच जिल्ह्यांतली हौशी मंडळी आपापल्या कुंड्या जुन्या गोधड्यांत गुंडाळून टेम्पोने आणतात, पांढऱ्या चादरी घातलेल्या टेबलांवर तीन दिवस मांडतात आणि रात्री झाडाला हवा लागेल की नाही या काळजीने मांडवातच घुटमळतात. ही माणसे मला फार आवडतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरते, तिथल्या बोन्सायच्या टेबलांपाशी मी लहानपणी तासन्‌तास उभा राहिलेलो आहे. हातभर उंचीच्या वडाखाली आपण निजलो आहोत अशी कल्पना करणारे पोर हा या कलेचा सर्वांत उत्तम रसिक, असे माझे अजूनही मत आहे.

आता त्या सकाळविषयी. मंचावर फिरते टेबल, त्यावर रोपवाटिकेतून आणलेले ज्युनिपरचे एक अस्ताव्यस्त झुडूप. महिनाभर केस न विंचरलेल्या पोरासारखे. कलावंत परप्रांतातले पाहुणे होते. त्यांनी आधी काहीच केले नाही. टेबल हळूहळू फिरवले, खाली वाकून बुंध्याकडे पाहिले, बांबूच्या काडीने माती उकरून मुळांचा पसारा मोकळा केला, आणि मग बोट रोखून म्हणाले, “हे याचे तोंड.” झाडाला दर्शनी बाजू असते हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना त्या क्षणी ते तोंड खरोखरच दिसले. हे कसब साधे नव्हे.

मग कात्री चालू झाली. बघता बघता दोनतृतीयांश पाला खाली पडला. दोन फांद्यांची साल पकडीने सोलून त्यांनी आतले पांढरे लाकूड उघडे केले. वीज पडून वाळलेल्या फांद्या उंच डोंगरावरच्या झाडांवर दिसतात, तशी. नंतर तार. तारेची जाडी फांदीच्या साधारण एकतृतीयांश, वेढे पंचेचाळीस अंशांच्या तिरकसात, एकावर दुसरा न चढवलेला. जाड फांदीपासून बारीक फांदीकडे अशी ती तार जात होती आणि तिचे वेढे जुन्या पागोट्याच्या पेचांसारखे नेमके बसत होते. शेवटी बुंध्याजवळची जाड फांदी. तिला भिजवलेल्या राफियाच्या पट्ट्या घट्ट आवळल्या, सहायकाने कुंडी धरली आणि कलावंतांनी दोन्ही हातांनी ती खाली ओढली. ‘कर्र’ असा आवाज झाला. मांडवात सातआठशे माणसे असतील. त्यांचा श्वास एकदम अडकला. फांदी तुटली नव्हती. तिथे पहिल्या टाळ्या पडल्या.

त्यानंतर झाड मूळच्या कुंडीतून उपसले, मुळे छाटली आणि उथळ तबकात बसवले. वर शेवाळ दाबले. दोन तासांपूर्वीचे झुडूप आता बर्फाच्या वाऱ्यात उभे राहून म्हातारे झालेले झाड दिसत होते. सुंदर होते, यात शंका नाही. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या त्या तेव्हा.

आणि लगेच ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली: “हे झाड आता सोडतीत निघणार आहे. आपापली कुपने तयार ठेवा.”

ते शब्द कानी पडले आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण दहा वर्षांपूर्वी अशाच एका सोडतीत, अशाच दोन तासांत म्हातारे केलेले ज्युनिपर मला लागले होते. आयुष्यात लॉटरी म्हणून तेवढीच. रिक्षात मांडीवर धरून मी ते घरी आणले, रिक्षावाल्याला सगळा रस्ता हळू चालवायला लावले. गच्चीत जागा केली. माझ्या मते मी त्याची उत्तम देखभाल करीत होतो. झाड हिरवेगार होते. चैत्रात सौभाग्यवतींनी गौरीच्या आराशीत ते मधोमध ठेवले. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीने डाळ-पन्हे घेता घेता त्याचे कौतुक केले, आणि मी आतल्या खोलीतून ते ऐकत होतो. अखेर माझी एक मावसबहीण पुढे झाली. तिचे माहेर-सासर दोन्ही शेतकऱ्यांचे. तिने एक डहाळी चिमटीत धरली. ती कुरडईसारखी मोडली.

“अहो दादा,” ती म्हणाली, “हे गेलंय की कधीच.”

ज्युनिपरची ही खोड पुढे मला कळली. जास्वंद मेली तर दोन दिवसांत सांगते. ज्युनिपर सांगत नाही. मुळांनी काम सोडल्यावरही त्याचा पाला कित्येक आठवडे हिरवा राहतो. छाटणी, वाकवणे आणि मुळे कापून कुंडी बदलणे ही तीन संकटे एकाच बैठकीत सोसणे कोणत्याही झाडाला अवघड असते. चांगला जाणकार यांतले एक काम आज करतो, दुसऱ्यासाठी पुढच्या ऋतूची वाट पाहतो. पण पुढच्या ऋतूला प्रेक्षक कोठून आणायचे? म्हणून मंचावर तिन्ही कामे होतात. माझ्याकडूनही पाणी जास्त पडले असेल, नाही म्हणत नाही. परंतु मांडवात आम्ही ज्याला टाळ्या दिल्या आणि चैत्रात बायकांनी ज्याचे कौतुक केले, त्यात त्या कोणत्या दिवसापर्यंत जीव होता हे आज कोणीच सांगू शकणार नाही.

यावरून या कलेचेच वाभाडे काढणारे लोक आहेत. मी त्यांतला नाही. तबकात झाडे आणि दगड मांडून निसर्ग उभा करण्याची हौस चीनमध्ये फार जुनी. थांग घराण्यातला राजपुत्र चांग्ह्वाय याच्या इ. स. 706 मधल्या थडग्यातल्या भिंतीवर असे तबक हातात घेतलेले सेवक रंगवलेले आहेत. जपानने ती विद्या घेतली आणि तिला स्वतःचे व्याकरण दिले. 1923 च्या भूकंपानंतर तोक्योतले काही बागवान शहर सोडून ओमियाला गेले आणि 1925 मध्ये तिथे त्यांनी बोन्सायचे गावच वसवले. तिथली शिकवण्याची रीत आपल्याकडच्या गाण्याच्या घराण्यासारखी. ज्यांना पुढे जगभर ‘जादूगार’ म्हणू लागले ते मासाहिको किमुरा वयाच्या पंधराव्या वर्षी ओमियातल्या एका बागेत उमेदवारीला लागले आणि अकरा वर्षे तिथे राहिले. तोक्योच्या उएनो भागात 1934 पासून भरत आलेले ‘कोकुफु’ प्रदर्शन हे तिथले सर्वांत मानाचे. त्याचा मान आहे तो वर्षानुवर्षे सांभाळून मांडलेल्या झाडांना. लोकांसमोर झाड घडवण्याचे प्रयोग फोफावले ते मुख्यतः जपानबाहेरच्या हौशी मंडळांतून. ते साहजिकही आहे. ज्याला अकरा वर्षे दुसऱ्याच्या बागेत पाणी घालता येत नाही, त्याला दोन तासांत काहीतरी दाखवलेच पाहिजे.

तेव्हा प्रात्यक्षिक नको असे माझे म्हणणे नाही. त्यात आपण पाहतो काय, एवढाच प्रश्न आहे.

जपानी नो नाट्यात ‘हाचिनोकि’ नावाचा एक खेळ आहे. नावाचा अर्थच कुंडीतली झाडे. बर्फाच्या रात्री एक वाटसरू संन्यासी एका विपन्न सामुरायाच्या दाराशी येतो. घरात द्यायला काही नाही, जळणही नाही. चांगल्या दिवसांतली तीन झाडे तेवढी त्या सामुरायाने जपून ठेवलेली असतात: आलुबुखार, चेरी आणि पाइन. पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून तो ती तोडून शेकोटीत घालतो. संन्यासी म्हणजे वेषांतर केलेला राज्यकर्ता होजो तोकियोरि असतो, आणि पुढे तो त्याला त्याच तीन झाडांच्या नावांची तीन गावे इनाम देतो. पण ते सोडा. रंगमंचावर झाड कापण्याचा हा प्रयोग शतकानुशतके लोक पाहत आले आहेत, आणि त्यातला घाव प्रेक्षकाला लागतो, कारण कापणाऱ्याचे काहीतरी जात असते. आमच्या मांडवातले झुडूप कोणाचेच नव्हते. ते आदल्या दिवशी रोपवाटिकेतून आणलेले, कापणारा रात्रीच्या गाडीने परत जाणारा, आणि सोडतीत ते कोणाला जाईल हे देवाला ठाऊक.

प्रश्नोत्तरांच्या वेळी पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, “दुखत नसेल का हो त्याला?” कलावंत हसून म्हणाले, “आजी, तुमचे कान टोचले तेव्हा तुम्ही रडलात, आणि आज कुड्या घालून बसलात ना?” मांडव हास्यात बुडाला. आजीही हसल्या. मला मात्र ते उत्तर पटले नाही. ते चतुर होते, पण उत्तर नव्हते. कापण्यात क्रौर्य नसते हे कोणत्याही शेतकऱ्याच्या बायकोला ठाऊक आहे: मोगरा छाटल्याशिवाय बहरत नाही, तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, नाशिककडे द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. पण हे सगळे छाटणारे दुसऱ्या दिवशीही तिथेच असतात. आजींचा प्रश्न होता तो खरे म्हणजे उद्याविषयी.

दुसरे प्रात्यक्षिक दुपारी साडेबाराला ठेवले होते, म्हणजे जेवणाच्या वेळेला. यावरूनच संयोजकांनी त्याची किंमत काय केली होती हे कळावे. सादर करणाऱ्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, इथल्याच. त्यांनी आणलेले नांद्रुकाचे झाड अठरा वर्षे त्यांच्याच गॅलरीत वाढलेले. त्यांनी दीड तासात काय केले? पाचसहा शेंडे खुडले. तुटल्या जागी पांढरा चीक आला, तो ओल्या फडक्याने टिपला. एक तार काढली, कारण तिचे काम झाले होते. आणि एक पारंबी ‘लावली’. शहाळे पिण्याची साधी नळी उभी चिरून तिच्यात भिजवलेले शेवाळ भरायचे, फांदीखाली फुटलेल्या मुळाचे टोक तिच्यात घालायचे आणि नळी मातीपर्यंत टेकवून बांधायची. पावसाळ्यात मूळ त्या ओल्या वाटेने खाली उतरते, मातीत शिरते, जाड होते. मग नळी काढून टाकायची. बस. झाडाखाली अशा चार पारंब्या आधीच उभ्या होत्या, प्रत्येकीमागे किती पावसाळे गेले असतील कोण जाणे.

हे चालू असताना मांडव रिकामा होत गेला. मिसळीचा वास येत होता. शेवटी आम्ही पंधरासोळाजण उरलो.

न्यायाने बोलायचे तर यात बाईंचाही दोष होता. त्या बोलत होत्या झाडाशी. पाठ आमच्याकडे, ध्वनिक्षेपक छातीशी, आणि आवाज असा की पहिल्या रांगेला अर्धे वाक्य ऐकू यावे. झाडाची उजवी बाजू रिकामी का, असे कोणी विचारले तेव्हा त्यांनी जाता जाता सांगितले की तिथे एक मोठी फांदी होती, एका मे महिन्यात गावी गेले असताना शेजाऱ्यांकडून पाणी राहिले आणि ती वाळली. नंतर सगळे झाड नव्याने बसवायला सहा वर्षे लागली. अहो, हेच तर सांगायचे होते! याच्याइतके नाट्य सकाळच्या त्या ‘कर्र’ आवाजातही नव्हते. त्यांनी ती फांदी कुठे होती हे दाखवून सुरुवात केली असती, तर मिसळीचा वास कोणाला आला नसता. कला असणे आणि ती दाखवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे पुष्कळ थोर गवयांचेही असेच होत आले आहे.

त्यांच्या झाडाला बक्षीस नव्हते. पहिले बक्षीस होते दुसऱ्या एका नांद्रुकाला. एकावर एक रचलेले पानांचे ढग, वर निमुळता होत गेलेला त्रिकोण, झुकलेला शेंडा. पाने वडाच्या जातीची आणि अंगलट पाइनची. धोतरावर टाय बांधल्यासारखे. जपानी व्याकरण तिथल्या पाइनवरून, तिथल्या बर्फावरून ठरले आहे; बर्फाच्या भाराने फांद्या खाली येतात म्हणून ते फांद्या खाली वाकवतात. आपल्या वडाला बर्फाचे काय? तो उंचीपेक्षा रुंदीने वाढतो, आणि खांब रोवत पुढे सरकतो. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचा मूळ बुंधा बुरशीने पोखरला म्हणून 1925 मध्ये काढून टाकावा लागला. झाड आजही पारंब्यांवर उभे आहे. बुंध्यापासून सुरू होणाऱ्या व्याकरणात या झाडाला जागा कुठे? आणि असे वेगळे व्याकरण करता येते. चीनमध्येच, दक्षिणेकडच्या लिंगनान परंपरेत तारेपेक्षा कात्रीवर भर आहे. फांदी वाढू द्यायची, कापायची, पुन्हा वाढू द्यायची. दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांनी आपल्या माळावरच्या छत्रीसारख्या झाडांची घडण बसवली आणि तिला तिथल्या पिर्नीफ या चित्रकाराचे नाव दिले. आमचे परीक्षक मात्र अजून फूटपट्टी घेऊन त्रिकोण मोजतात.

तिसरे प्रात्यक्षिक लहान देखाव्याचे होते. खडक, वाळू, पाचसात रोपे आणि चिनी मातीचा एक कोळी. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही, फक्त तो कोळी शेजारच्या झाडाच्या निम्म्या उंचीचा होता. हा घोटाळा मराठी घरांना नवा नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करताना आपण उतारावर अळीव पेरतो, चार दिवसांत त्याचे रान होते, आणि मग बाजारातून आणलेला मावळा दरवाजाच्या कमानीपेक्षा उंच निघतो. मुलांना त्याचे काही वाटत नाही. कलावंताला वाटले पाहिजे.

दुपारनंतर कार्यशाळा. शुल्क भरले की नांद्रुकाचे एक रोप, तबक, तार आणि चार तास मार्गदर्शन. मी नाव दिले होते. आम्ही दहाजण लांब टेबलाभोवती बसलो. कार्यशाळेचा सर्वत्र आढळणारा दोष इथेही होता: विद्यार्थी विचार करीत बसला की गुरुजी येतात, त्याच्या हातातली कात्री घेतात, खचाखच चार फांद्या उडवतात आणि “हां, आता बघा” म्हणून पुढच्याकडे जातात. चार तासांनी टेबलावर दहा झाडे असतात, दहाही गुरुजींची. माझे झाड छान दिसत होते. त्यातले माझे काय होते हे मला विचारू नका. मी पैसे दिले होते आणि तार गुंडाळली होती.

माझ्या शेजारी निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार बसले होते. मुलीने हौसेने नाव घातले म्हणून आलेले. ते बराच वेळ झाड फिरवून पाहत राहिले, एक वाळकी काडी काढली आणि हात पुसून स्वस्थ बसले. गुरुजी आले, कात्रीसाठी हात पुढे केला. यांनी कात्री दिली नाही.

“आज नको,” ते म्हणाले.

“अहो काका, कार्यशाळा आहे ही. पानं काढा, मुळं कमी करा, तबकात लावा.”

“आमच्याकडं निफाडला आत्ता पारा पार खाली गेलेला असतो. इथं कापून तिथं नेऊन ठेवलं तर काय होईल याचं? पाडव्यानंतर करीन. सांगितलंय ते सगळं ध्यानात ठेवलंय.”

गुरुजी जरा नाराज झाले. शेवटी सर्वांची झाडे ओळीने मांडून छायाचित्र काढले, तेव्हा नऊ बोन्साय आणि एक रोपवाटिकेतले झुडूप अशी ती रांग दिसत होती. कोणीतरी ते झुडूप कडेला सरकवले. खरे तर वड-नांद्रुकाची जात उबेत वाढते, थंडीत तिची वाढ मंदावते, आणि मोठी छाटणी उन्हे वाढू लागल्यावरच मानवते, हे तिथे बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. पण आम्ही शुल्क भरले होते.

मग करायचे काय? माझी सूचना एकच आहे आणि ती मी संयोजकांना पत्राने कळवलीही आहे. पुढल्या वर्षी पाहुण्यांना शाल देण्याआधी गेल्या वर्षीचे झाड मंचावर आणा. जिवंत असेल तर जिवंत, वाळले असेल तर वाळलेले. सोडतीत ज्याला लागले त्याला बोलवा, दोन शब्द बोलू द्या. त्याच्यानंतर नवे झाड कापायला घ्या. मग टाळ्या कुठे द्यायच्या हे प्रेक्षक आपोआप शिकेल. निदान पुढच्या रांगेतल्या आजींना उत्तर मिळेल.

ही सूचना अव्यवहार्य नाही. कॅलिफोर्नियातले जॉन नाका यांनी जन्मभर गावोगाव प्रात्यक्षिके केली, आणि तरीही त्यांचे नाव ज्या झाडांसाठी घेतात ते ‘गोशिन’ हे वन त्यांनी 1948 साली दोन ज्युनिपर घेऊन सुरू केले, वाढवत वाढवत नातवंडामागे एक अशी अकरा झाडे केली, आणि 1984 मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाला दिले. 2004 मध्ये नाका गेले. झाडे तिथे आहेत. त्याच संग्रहात एक पांढरा पाइन आहे, 1625 पासून कुंडीत वाढवलेला. जपानच्या यामाकी कुटुंबाने तो 1976 मध्ये भेट दिला. 2001 मध्ये त्या घरातले दोन नातू तो पाहायला आले तेव्हा तिथल्या लोकांना कळले, की 6 ऑगस्ट 1945 रोजी हे झाड हिरोशिमात, स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, अंगणाच्या भिंतीआड उभे होते. पंचवीस वर्षे रोज त्याला पाणी घालणाऱ्यांनाही ही गोष्ट ठाऊक नव्हती.

पत्राला अजून उत्तर नाही. बागाईतदारांचा मात्र परवा फोन आला. फळछाटणी तोंडावर आलेली, मजूर मिळत नाहीत, त्या गडबडीतून त्यांनी केला होता. झाड त्यांनी पाडव्यानंतर कापले, मुळांना अजून हात लावलेला नाही, ते काम पुढच्या उन्हाळ्यात. “फुटवे झकास आलेत,” ते म्हणाले. “तुमचं कसं काय?”

माझे झाड जगले आहे. नांद्रुक चिवट. परंतु जानेवारीत गुंडाळलेली तार मी पावसाळाभर तशीच ठेवली होती, आणि पावसाळ्यात ही जात किती झपाट्याने जाड होते ते सगळ्यांना माहीत आहे. फोन ठेवून मी गच्चीत गेलो. तीन फांद्यांत तार सालीच्या आत गेली होती. उलगडायला गेलो तर साल निघू लागली. म्हणून कटरने प्रत्येक वेढ्याचे तुकडे करून एकेक सुटा काढला. त्याला सगळी दुपार लागली. वळ राहिलेत, ते बुजायला काही वर्षे जातील.